बेळगावहून बंगळूरला येताना हिरवी मेट्रो कशी धरावी : मार्ग, थोडा इतिहास आणि नवख्यांच्या अडचणी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर या आपल्या भागातून माणूस बंगळूरला कामाशिवाय जात नाही. मुलाखत असते, परीक्षा असते, मुलीचा कॉलेज प्रवेश असतो, विधानसौधाजवळच्या कचेरीत अडकलेली फाईल असते, नाहीतर जयदेव हॉस्पिटलमध्ये वडिलांच्या हृदयाची तपासणी असते. रात्रभर बसमध्ये काढून सकाळी शहराच्या तोंडाशी पोहोचायचे आणि तिथून पुढे तुमकूर रोडच्या गर्दीत बस मुंगीच्या चालीने मॅजेस्टिककडे, म्हणजे मुख्य बसस्टँड आणि रेल्वे स्थानकाच्या भागाकडे, सरकताना बघत बसायचे, हे आपल्यातल्या बहुतेकांनी भोगले आहे.

बंगळूरच्या मेट्रोची, म्हणजे नम्म मेट्रोची, हिरवी लाइन ज्या रस्त्याने आपण शहरात शिरतो त्याच रस्त्यावरून जाते. हे ठाऊक असले तर बसमधून लवकर उतरून थेट कामाच्या ठिकाणी जाता येते. इथे नोकरीला आल्यापासून गावाकडच्या पाहुण्यांना मी फोनवर जे सांगत आलो, तेच इथे क्रमाने लिहितो.

१. निघण्याआधी जवळ काय ठेवायचे

- चालू स्थितीतले यूपीआय आणि सोबत थोडे सुटे पैसे. रात्रभरच्या प्रवासात मोबाइलची बॅटरी संपते, म्हणून फक्त मोबाइलवर विसंबू नका.
- नम्म मेट्रोचे ॲप घरूनच घालून ठेवा.
- ओळखपत्र. टोकन घेऊन प्रवास करायला ते लागत नाही. पण सगळीकडे चालणारे नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड काढायचे असेल तर मोबाइल नंबर आणि ओळखपत्र लागते.
- जिथे जायचे तिथल्या मेट्रो स्थानकाचे पूर्ण नाव कागदावर लिहून. अर्धवट नावाने काय घोटाळा होतो ते पुढे येईलच.

बायकांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. शक्ती योजनेत कर्नाटकातल्या महिलांना सरकारी साध्या बसमध्ये तिकीट लागत नाही, आणि आपल्याकडच्या बाया-बापड्यांना आता त्याची सवय झाली आहे. मेट्रोला ती योजना लागू नाही, तिथे सर्वांनाच तिकीट. शहरातल्या साध्या सिटी बसला मात्र ती लागू आहे. चंदगड-गडहिंग्लजहून येणाऱ्या, महाराष्ट्राचा पत्ता असलेल्या आधारकार्डावर ही सवलत मिळत नाही.

२. लाइन कशी वाढत गेली हे आधी समजून घ्या

इतिहास कशाला, असे वाटेल. पण ही लाइन एका दमात झालेली नाही. कुठला तुकडा कधी जोडला गेला हे कळले की दहा वर्षांपूर्वी येऊन गेलेल्या काकांचा सल्ला आज का चालत नाही, तेही कळते.

बंगळूर मेट्रोची पायाभरणी २४ जून २००६ रोजी तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते झाली. पहिली गाडी धावली ती २० ऑक्टोबर २०११ रोजी, बैयप्पनहळ्ळी ते एम. जी. रोड. ती जांभळी लाइन. तिचा तुमकूर रोडशी संबंध नव्हता. उत्तर-दक्षिण जाणारी हिरवी लाइन मूळ आराखड्यात यशवंतपूरलाच संपत होती. नंतर ती पीण्या आणि नागसंद्रपर्यंत वाढवायचे ठरले, आणि त्या एका निर्णयामुळे ती आपल्या वाटेवर आली.

हिरव्या लाइनचा पहिला तुकडा, पीण्या इंडस्ट्री ते संपिगे रोड, १ मार्च २०१४ पासून लोकांसाठी सुरू झाला. १ मे २०१५ ला तो उत्तरेकडे नागसंद्रपर्यंत गेला. पण संपिगे रोडच्या पुढे मॅजेस्टिक, चिक्कपेटे आणि के. आर. मार्केट ही तीन स्थानके जमिनीखाली आहेत, आणि त्या बोगद्याने फार वेळ खाल्ला. कावेरी, कृष्णा आणि गोदावरी अशी नावे दिलेली यंत्रे तिथे खोदत होती आणि बंगळूरचा कठीण खडक त्यांना वारंवार अडवत होता. चिकोडी-अथणीकडच्या माणसाला त्या यादीत आपली कृष्णा पाहून बरे वाटते. तीन वर्षे हिरवी लाइन संपिगे रोडलाच थांबत होती, आणि मॅजेस्टिकला जाणाऱ्यांना तिथे उतरून पुढचे अंतर चालत किंवा रिक्षाने काटावे लागे. जुन्या माणसांचा ‘मेट्रोने मॅजेस्टिकला जाता येत नाही’ हा समज त्या काळातला आहे.

१७ जून २०१७ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांनी संपिगे रोड ते येलचेनहळ्ळी या भागाचे उद्घाटन केले आणि दुसऱ्या दिवसापासून तो लोकांना खुला झाला. मेट्रोचा ४२.३ किलोमीटरचा पहिला टप्पा तिथे पूर्ण झाला. दक्षिणेला येलचेनहळ्ळी ते सिल्क इन्स्टिट्यूट हा भाग जानेवारी २०२१ मध्ये जोडला गेला. उत्तरेला नागसंद्र ते मादावर ही तीन स्थानकांची वाढ बरीच वर्षे रखडून ७ नोव्हेंबर २०२४ ला सुरू झाली. आता मादावर ते सिल्क इन्स्टिट्यूट असा सुमारे ३३ किलोमीटरचा मार्ग आहे आणि त्यावर ३२ स्थानके आहेत.

३. बसमधून कुठे उतरायचे

या लेखातला सर्वांत कामाचा भाग हाच आहे. बस नेलमंगलाकडून येते तेव्हा मेट्रोची स्थानके या क्रमाने लागतात : मादावर, चिक्कबिदरकल्लु, मंजुनाथनगर, नागसंद्र, दासरहळ्ळी, जालहळ्ळी, पीण्या इंडस्ट्री, पीण्या, गोरगुंटेपाळ्य, यशवंतपूर. बसचे लोक ही नावे अशीच वापरत नाहीत. ते ‘एट्थ माइल’ म्हणतात ते दासरहळ्ळीजवळ आणि ‘जालहळ्ळी क्रॉस’ म्हणतात ते जालहळ्ळी स्थानकाजवळ.

आता मुख्य धोका. पीण्याच्या भागात हमरस्त्यावर लांबलचक उड्डाणपूल आहे. बस त्यावर चढली की दासरहळ्ळी, जालहळ्ळी आणि पीण्या खालीच राहतात आणि ती थेट गोरगुंटेपाळ्यजवळ उतरते. तुम्ही जालहळ्ळीची वाट बघत बसाल आणि स्थानक खिडकीतून शेजारून निघून जाईल. म्हणून रात्री जेवणाला बस थांबते तेव्हाच ड्रायव्हरला किंवा क्लीनरला विचारून घ्या, बस खालून जाते की पुलावरून. पुलावरून जात असेल तर एकतर पुलाच्या आधी उतरायचे, नाहीतर गोरगुंटेपाळ्य. पहाटे झोपेत असताना विचारून उपयोग नसतो. त्या वेळी क्लीनर फक्त ‘मॅजेस्टिक, मॅजेस्टिक’ एवढेच ओरडत असतो.

माझा सल्ला असा. कामाचा दिवस असेल, सामान थोडे असेल आणि बस साडेसहाच्या पुढे शहरात शिरत असेल, तर जिथे सोय होईल तिथे लवकरात लवकर उतरून मेट्रो धरा. गोरगुंटेपाळ्यचा चौक सकाळी फार तुंबतो, म्हणून त्याआधी उतरता आले तर जास्त चांगले.

पण रविवारी हा सल्ला लागू नाही. रविवारी मेट्रो सकाळी सातला सुरू होते. पहाटे साडेपाचला जालहळ्ळीला उतरलात तर बंद दारापुढे, थंडीत, सामान घेऊन उभे राहावे लागेल. रविवारी रस्ते मोकळे असतात. सरळ बसनेच मॅजेस्टिकला जा. इतर दिवशी टोकाच्या स्थानकांवरून गाड्या पहाटे पाचच्या सुमारास निघतात. गावी जाऊन परतणाऱ्यांची सोमवारी गर्दी असते, म्हणून जानेवारी २०२५ पासून सोमवारची सुरुवात ४:१५ ला केली आहे. वेळा बदलू शकतात, तेव्हा आदल्या दिवशी ॲपमध्ये एकदा पाहा.

उतरल्यावर हमरस्ता पायी ओलांडू नका. या भागातली स्थानके रस्त्याच्या वर आहेत आणि त्यांचे जिने दोन्ही बाजूंना उतरतात. ज्या बाजूला बसने सोडले त्याच बाजूचा जिना चढा.

४. रेल्वेने येत असाल तर

रेल्वेवाल्यांना दोन चांगल्या जागा आहेत : यशवंतपूर आणि मॅजेस्टिक. बेळगावहून निघणारी वंदे भारत १० ऑगस्ट २०२५ पासून सुरू झाली. ती यशवंतपूरला थांबते आणि के. एस. आर. बंगळूरला संपते. लोंढ्याहून वास्को-यशवंतपूर एक्स्प्रेस धरणारे खानापूरकर यशवंतपूरलाच उतरतात. यशवंतपूर रेल्वे स्थानकाला दोन तोंडे आहेत. मेट्रो तुमकूर रोडच्या बाजूला आहे. उलट्या बाजूने बाहेर पडलात तर रिक्षावाले मेट्रोपर्यंत सोडायचे पैसे मागतील, आणि ते द्यायची काहीच गरज नाही.

के. एस. आर. म्हणजे क्रांतिवीर संगोळ्ळी रायण्णा. १८३१ मध्ये आपल्या खानापूर तालुक्यातल्या नंदगडला ज्यांना फाशी दिली, त्यांचेच नाव राजधानीच्या मुख्य रेल्वे स्थानकाला आहे. आपल्या भागातून पहिल्यांदा येणाऱ्या मुलांना हे आवर्जून सांगावे असे मला वाटते. या स्थानकाच्या पुढच्या दाराने, बसस्टँडच्या बाजूने बाहेर आलात की मॅजेस्टिक मेट्रो लागते, तिथे हिरवी आणि जांभळी दोन्ही मिळतात. मागच्या बाजूला रेल्वे स्थानकाच्याच नावाचे वेगळे मेट्रो स्थानक आहे, पण तिथे फक्त जांभळी लाइन आहे. हिरवी हवी असेल तर पुढचे दार.

तिकिटावर शेवटचे स्थानक ‘सर एम. विश्वेश्वरय्या टर्मिनल’ असेल तर जरा थांबा. ते टर्मिनल बैयप्पनहळ्ळीला, शहराच्या पूर्वेला आहे. मेट्रोतही सर एम. विश्वेश्वरय्यांच्या नावाचे स्थानक आहे, पण ते सेंट्रल कॉलेजजवळ, मॅजेस्टिकच्या शेजारचे. नाव सारखे आणि जागा शहराच्या दोन भागांत. अशी गाडी यशवंतपूरला थांबत असेल तर तिथेच उतरून घेतलेले बरे.

५. तिकीट

एक-दोनदाच प्रवास असेल तर खिडकीवरून टोकन घ्या, किंवा ॲपवर क्यूआर तिकीट काढा. सकाळी खिडकीपुढे रांग असते, तेव्हा क्यूआर सोयीचे. टोकन गोल प्लास्टिकचे असते. आत जाताना यंत्रावर टेकवायचे, बाहेर पडताना खाचेत टाकायचे. मुलांच्या हातात देऊ नका, हरवले की दंड भरावा लागतो.

फेब्रुवारी २०२५ च्या दरवाढीनंतर किमान भाडे १० रुपये आणि कमाल ९० रुपये झाले. दर नंतर बदलले असतील तर स्थानकावरच्या तक्त्यात दिसतील. आठवडाभर राहणार असाल, दवाखान्याच्या फेऱ्या असतील, किंवा इथेच नोकरी धरायची असेल तर स्मार्ट कार्ड घ्या. त्यावर ५ टक्के सूट आहे आणि कमी गर्दीच्या वेळेत आणखी थोडी मिळते. कार्डात कमाल भाड्याइतके पैसे नेहमी ठेवा. शिल्लक फार कमी झाली की दार उघडत नाही. एका कार्डावर एकाच वेळी दोघे जाऊ शकत नाहीत, प्रत्येकाला वेगळे तिकीट लागते.

६. तपासणी आणि फलाट

विमानतळासारखी बॅग यंत्रातून घालावी लागते. हातातली बॅग, पाठीवरची सॅक याला कोणी अडवत नाही. तांदळाचे पोते, मोठी ट्रंक, काजूचा मोठा डबा घेऊन आलात तर अडवतील, किंवा सामानाचे वेगळे तिकीट घ्यायला लावतील. विळी, कोयता, सुरी असे काही बॅगेत नको. मुलाच्या खोलीसाठी नवी भांडी घेऊन येणाऱ्या आयांनी याकडे विशेष लक्ष द्यावे.

फलाटावर दिशा शेवटच्या स्थानकाच्या नावाने लिहिलेली असते. शहरात शिरताना सिल्क इन्स्टिट्यूटकडे, गावी परतताना मादावरकडे. पाट्या कन्नड आणि इंग्रजीत असतात, हिंदीत नाहीत. गाडीतल्या सूचनाही तशाच. कानडी बोलता येते पण वाचता येत नाही, अशी आपल्याकडे पुष्कळ माणसे आहेत. त्यांनी सूचना ऐकत राहाव्यात. ‘मुंदिन निल्दाण’ म्हटले की पुढच्या स्थानकाचे नाव येते.

पुढचा पहिला डबा बायकांसाठी राखीव आहे. आजी आणि नातू बरोबर असतील तर तो डबा फार सोयीचा पडतो.

एक ताकीद मात्र मनापासून देतो. रेल्वेसारखी वर तार दिसत नाही म्हणून रुळांत वीज नाही असे समजू नका. इथे ७५० व्होल्टची वीज रुळांशेजारच्या तिसऱ्या पट्टीतून येते. मोबाइल, चप्पल, पर्स, काहीही खाली पडले तरी उतरायचे नाही. फलाटावरच्या रक्षकाला सांगा, ते काढून देतात.

७. कुठल्या कामाला कुठे उतरायचे

यशवंतपूरच्या पुढे सँडल सोप फॅक्टरी, महालक्ष्मी, राजाजीनगर, महाकवी कुवेंपु रोड, श्रीरामपुर, संपिगे रोड आणि मग मॅजेस्टिक. इस्कॉनच्या मंदिराला जायचे तर महालक्ष्मी जवळ.

विधानसौध, एम. एस. बिल्डिंग, तिथल्या सरकारी कचेऱ्या : मॅजेस्टिकला जांभळी धरा, व्हाइटफील्डच्या दिशेने दुसरे स्थानक डॉ. आंबेडकर, विधानसौध. व्हाइटफील्डच्या आयटी कंपन्यांतली मुलाखतही याच गाडीने. ही लाइन सलग झाली ऑक्टोबर २०२३ मध्ये. त्याआधी मधला तुकडा बसने जावे लागे.

लाइन बदलताना बाहेर पडायचे नाही आणि नवे तिकीटही काढायचे नाही. मॅजेस्टिकला हिरवीचे आणि जांभळीचे फलाट वेगवेगळ्या मजल्यांवर आहेत. रंगीत खुणा बघत जा. नवखा माणूस गर्दीबरोबर वाहत बाहेरच्या दाराशी पोहोचतो आणि टोकन खाचेत टाकून बसतो; मग पुन्हा पैसे. सकाळी नऊच्या सुमारास तिथे एवढी गर्दी असते की म्हाताऱ्या माणसांना जिन्याऐवजी लिफ्टनेच न्यावे.

चिक्कपेटे हे शहापूर, वडगाव, खासबागच्या आपल्या साडीवाल्यांना सांगायला नको. रेशमाच्या घाऊक पेठा इथेच. आधी मॅजेस्टिकहून गठ्ठे घेऊन रिक्षाने जावे लागे. आता एक स्थानक. गठ्ठे मोठे असतील तर मात्र परतताना रिक्षाच करा. पुढचे के. आर. मार्केट फुलांचे आणि भाजीचे. मग नॅशनल कॉलेज, लालबाग, साउथ एंड सर्कल, जयनगर. लालबागेतला पुष्पमेळा जानेवारी आणि ऑगस्टमध्ये भरतो. त्या दिवसांत या स्थानकावर रेटारेटी असते, दवाखान्याच्या कामाला निघाला असाल तर वेळ जास्त धरा.

जयनगरच्या पुढे आर. व्ही. रोड, आणि आता हे स्थानक आपल्या लोकांसाठी फार मोलाचे झाले आहे. १० ऑगस्ट २०२५ ला, आपल्या वंदे भारतच्याच दिवशी, इथून बोम्मसंद्रपर्यंत पिवळ्या लाइनचे उद्घाटन झाले. हृदयाच्या इलाजासाठी जयदेव हॉस्पिटलला जायचे असेल तर आर. व्ही. रोडला पिवळी धरा आणि दुसऱ्या स्थानकावर उतरा, नावच जयदेव हॉस्पिटल आहे. इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या कंपन्या याच लाइनवर, आणि नारायण हृदयालय बोम्मसंद्रच्या टोकाला. पूर्वी मॅजेस्टिकहून सिल्क बोर्डच्या चौकात अडकत जाताना रुग्णाचे जे हाल होत, ते पाहिलेल्या माणसाला या लाइनचे मोल सांगावे लागत नाही.

हिरवीवर पुढे बनशंकरी, जे. पी. नगर, येलचेनहळ्ळी आणि कनकपुरा रोडने सिल्क इन्स्टिट्यूट.

आणि आता नावांचे घोटाळे, ज्यांत नवखे हमखास सापडतात :

- सिल्क इन्स्टिट्यूट हिरवीचे दक्षिण टोक. सेंट्रल सिल्क बोर्ड पिवळीवर, होसूर रोडला. ‘सिल्क’ एवढेच सांगून मुलाखतीचा पत्ता देऊ नका आणि घेऊ नका.
- पीण्या आणि पीण्या इंडस्ट्री ही लागोपाठची दोन वेगळी स्थानके. कारखान्यात कामाला जाणाऱ्यांनी आपल्या कंपनीला कुठले जवळ ते आधी विचारावे.
- जयनगर, जे. पी. नगर, राजाजीनगर ऐकताना एकसारखी वाटतात. पहिली दोन दक्षिणेला, तिसरे उत्तरेला.

८. परतीचा प्रवास

संध्याकाळी गावाकडे जाणाऱ्या बस मॅजेस्टिक किंवा आनंदराव सर्कलहून सुटतात आणि यशवंतपूर, गोरगुंटेपाळ्य, जालहळ्ळी क्रॉस अशा थांब्यांवर माणसे घेतात. दक्षिण बंगळूरमध्ये काम असेल तर मॅजेस्टिकला न उतरता हिरव्या लाइनने सरळ पुढे जाऊन यशवंतपूर किंवा गोरगुंटेपाळ्यहून बस धरा. तिकीट काढतानाच चढायचा थांबा तसा लिहून घ्या. मॅजेस्टिकचे तिकीट असताना पुढे जाऊन उभे राहिलात आणि कंडक्टरला फोन केला नाहीत, तर तो तुमची जागा रिकामी समजेल.

जालहळ्ळी क्रॉसचा थांबा घेताना पुन्हा तोच प्रश्न विचारा, बस पुलाखालून येणार की वरून. आणि संध्याकाळी सहा ते नऊ बस बहुधा उशिरा येते, तेव्हा तिचे ठिकाण मोबाइलवर बघत स्थानकाच्या जिन्याजवळ, उजेडात उभे राहा. हमरस्त्याच्या कडेला अंधारात नको.